लक्ष्मीबाई टिळक : जीवनपरिचय

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या अभ्यासाकडे वळण्यापूर्वी लेखिकेचे जीवन थोडक्यात समजून घ्या.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याविना घरात येत नसे. बालवयातच नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांनी त्या पतीकडे अहमदनगरला गेल्या. तरी आरंभी चूल वेगळीच राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांच्या परिवर्तनाची सुरुवात अन्नपाण्यापासून झाली. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच हातांनी त्यांनी निरनिराळ्या जातींच्या पोरक्या मुलांना जेवू घातले, वाढवले. मिळकत तुटपुंजी आणि टिळकांचा हात सढळ. त्यामुळे संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्याच वाट्याला येई. ती कुरकुरही त्यांनी मोकळेपणाने लिहिली आहे.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. १९३६ मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना चूल, पाणी आणि पंगत यांचे प्रसंग टिपून ठेवा. लेखिकेची श्रद्धा आचरणात कशी उतरत गेली, हे त्यांतून तुमच्या लक्षात येईल.