किराण्याचा सूर : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर गायकाचे चरित्र लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आमच्या मनात प्रथम आले ते अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव. जबलपूरशी त्यांचा संबंध जोडू म्हटले तर बरीच ओढाताण करावी लागेल, आणि ती करण्याची आमची इच्छा नाही. आमचा त्यांच्याशी परिचय झाला तो सराफ्यातल्या आमच्या जुन्या घरात, तोही एका तबकडीच्या द्वारे. आमचे आजोबा तरुणपणी मिरजेस असताना त्यांनी खाँसाहेबांची एक मैफल ऐकली होती. पुढे नोकरीच्या निमित्ताने ते या शहरी आले, येथेच स्थायिक झाले. परंतु त्या एका रात्रीचे वर्णन त्यांनी पुढली पन्नास-पंचावन्न वर्षे केले.

कमानिया गेटच्या बाजूची दुकाने बंद होऊ लागली आणि सोनारांच्या हातोड्यांचा आवाज थांबला, की आमच्या ओट्यावर तीन म्हातारे जमत. तिघांनीही खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकलेले; आजोबांनी मिरजेस, दुसऱ्यांनी पुण्यास आणि तिसऱ्यांनी मुंबईस. गंमत अशी, की तिघांच्या आठवणी एकमेकींशी कधीच जुळत नसत. फेट्याचा रंग कोणता, तंबोरे जुळविण्यास त्यांनी अर्धा तास घेतला की पाऊण, शेवटची भैरवी झाली तेव्हा उजाडले होते की नाही, यावर रोज वाद होई आणि तो रोज अनिर्णित राही. एका गोष्टीवर मात्र तिघांचेही एकमत होते. खाँसाहेबांनी पहिला षड्ज लावला की पुढे काही गायिले नाही तरी चालेल, असे ऐकणाऱ्यास वाटे. आम्ही त्या काळी शाळेत होतो आणि चित्रपटसंगीताचे भक्त होतो. त्या तबकडीवरचा बारीक, काहीसा नाकातून आल्यासारखा वाटणारा आवाज ऐकून आम्हांस हसू येत असे, हे येथे कबूल केलेले बरे.

असो. खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील शामलीजवळच्या कैराना या गावी झाला. या गावावरूनच किराणा घराण्याचे नाव पडले. वडील काले खाँ. घराण्यात सारंगी, बीन आणि गायन अशा तिन्ही विद्या नांदत होत्या. लहानपणी सारंगीवर बसलेला हात आणि बिनीच्या तारेवर तयार झालेला कान, यांतूनच पुढची गायकी निघाली असे आमचे मत आहे. सारंगीचा स्वर तुटत नाही; एका स्वरावरून दुसऱ्यावर तो घसरत, ओघळत जातो. खाँसाहेबांचा गळाही तसाच होता. वाद्ये दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा असे. तंबोरा मनासारखा बोलल्याखेरीज गाण्यास बसावयाचे नाही हा त्यांचा नेम होता. तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेत ते पुढे रमले, यात आश्चर्य कसले?

तरुण वयात ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्यास आले आणि तेथे दरबारी गायक झाले. बडोद्यातच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत असत. राजघराण्याशी नाते असलेल्या सरदाराची मुलगी आणि परप्रांतीय मुसलमान गवई यांचे प्रेम त्या काळी कोणास रुचणे शक्यच नव्हते. दोघांस बडोदे सोडावे लागले. ती दोघे मुंबईस आली आणि तेथे त्यांनी संसार मांडला. खाँसाहेबांना पाच अपत्ये झाली आणि पाचांनाही सुराचे देणे लाभले. त्यांतील तिघांची नावे तर मराठी माणसाच्या कानांत बसलेली आहेत : सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे.

मिरजेशी त्यांचा ऋणानुबंध कसा जडला याची एक आख्यायिका सांगतात. प्लेगच्या साथीत ते आजारी पडले असता त्यांनी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि त्यांना आराम पडला, असे म्हणतात. आख्यायिकेतले खरे-खोटे कोणी तपासावे! मिरज हे त्यांचे घर झाले आणि अखेर त्यांचा देह त्याच दर्ग्याच्या आवारात विसावला, एवढे मात्र निर्विवाद आहे.

१९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. हे विद्यालय म्हणजे आजच्यासारखे तासाप्रमाणे शुल्क घेऊन शिकविणारे वर्ग नव्हेत. विद्यार्थी तेथेच राहत, तेथेच जेवत. गरिबाच्या मुलास पैशाअभावी परत जावे लागत नसे. खर्च भागविण्यासाठी खाँसाहेब गावोगाव जलसे करीत. विद्यालयाच्या या जलशांत शिष्यगण गाई, त्यांची स्वतःची मुले गात आणि शेवटी खाँसाहेब बसत. त्यांनी आपल्या पाळीव कुत्र्यासही सुरात सूर मिळविण्यास शिकविले होते आणि त्याचाही प्रयोग लोकांस करून दाखविला होता. या गोष्टीवर आमच्या ओट्यावरील मुंबईकर आजोबा फार रंगून बोलत, तर आमचे आजोबा कानांवर हात ठेवीत. मोठ्या गवयाच्या चरित्रात कुत्र्यास स्थान नसावे, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस मात्र त्यात खाँसाहेबांचा स्वभाव दिसतो. प्राणिमात्राच्या कंठात सूर आहे आणि तो बाहेर काढता येतो, यावर त्यांचा बालसुलभ विश्वास होता.

आमच्या सरकारी बिरादरीस अभिमान वाटावा अशीही एक हकिकत या चरित्रात आहे. सांगलीचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी भारतीय संगीतातील बावीस श्रुती गणिताने मोजण्याचा ध्यास घेतला होता. मुलकी सेवेतील क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी त्यांच्या साह्यास होते. या मोजमापासाठी खरा सूर लागणारा कंठ हवा होता, आणि तो खाँसाहेबांनी दिला. दप्तरात आयुष्य घालविलेला डेप्युटी कलेक्टर तारेची लांबी मोजतो आहे आणि समोर खाँसाहेब एकेक स्वर पुनःपुन्हा लावून दाखवीत आहेत, हे चित्र आम्हांस मोठे लोभस वाटते. शास्त्र सांगणाऱ्यांनी या संशोधनावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले, तो भाग निराळा.

आता ज्या गोष्टीविषयी रसिक मंडळी बोलत नसत ती सांगणे प्राप्त आहे. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांनी पित्याचे नाव लावले नाही. अब्दुल रहमान होता तो सुरेश झाला, चंपाकली होती ती हिरा झाली, सकीना होती ती सरस्वती झाली. घर मोडले तसे विद्यालयही मोडले. सराफ्यातील ओट्यावर हा विषय निघाला की आजोबा पानाचा डबा उघडून अडकित्ता हाती घेत आणि बोलणे दुसरीकडे वळवीत. आमच्या मते हे योग्य नव्हे. ज्या बाईने घराण्याचे नाव, वाडा आणि दरबार सोडून या गवयाचा हात धरला, आणि पुढे पाच मुलांना एकटीने वाढवून त्यांच्या गळ्यांतील सूर जतन केला, तिला चरित्रकारांनी दोन ओळींत गुंडाळावे, हा अन्यायच म्हटला पाहिजे. वाद कोणाचा, चूक कोणाची, याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु हिराबाईंच्या शांत, निर्मळ आलापीत श्रोत्यांना खाँसाहेब दिसले, त्यामागे ताराबाईंचेही श्रम होते, एवढे तरी नमूद व्हावे.

या आघातानंतर खाँसाहेब मिरजेस परतले. जाणकारांच्या मते त्यांच्या गाण्यातील कारुण्य या काळात अधिक गडद झाले. आवाज त्यांचा मुळातच बारीक आणि उंच पट्टीचा. तानबाजीने श्रोत्यास दिपविणे त्यांना साधत नसे असे नाही, पण ते त्यांना नकोसे झाले असावे. एकेक स्वर घेऊन, त्याच्या भोवती फिरून, पुढच्या स्वराची ओढ लावून मग तेथे जावयाचे, ही त्यांची बढत. आज ख्यालगायनात संथ आलापीस जे महत्त्व आले आहे, त्याचे श्रेय त्यांना आणि त्यांचे आप्त वहीद खाँ यांना द्यावे लागेल.

दक्षिणेचा आणि त्यांचा संबंध हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. म्हैसूर दरबारात त्यांना मोठा मान होता. तेथून त्यांना संगीतरत्न ही पदवीही मिळाली. कर्नाटक संगीत म्हणजे आपल्यापेक्षा निराळे, कळण्यास कठीण आणि म्हणून दूर ठेवावयाचे, अशी उत्तरेकडील गवयांची तेव्हाची सर्वसाधारण वृत्ती होती. खाँसाहेबांनी ते मन लावून ऐकले. त्यांच्या गाण्यातील सरगम हे त्या श्रवणाचे फळ होय. आभोगीसारखा दाक्षिणात्य राग त्यांनी आपलासा केला, आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती तर त्यांनी ध्वनिमुद्रितही केली. कैरान्यात जन्मलेला, मिरजेत स्थिरावलेला हा गवई तेलुगू शब्द उच्चारताना अडखळला असेलही; पण सूर अडखळला नाही.

तबकड्यांनी त्यांची कीर्ती जेथे ते स्वतः कधी गेले नव्हते तेथेही पोहोचविली. त्यांची पहिली ध्वनिमुद्रणे १९०५ च्या सुमाराची. परंतु घरोघर गाजल्या त्या १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने काढलेल्या तबकड्या. रात्रभर गाणाऱ्या माणसाने तीन मिनिटांत राग मांडावयाचा! त्यांतील झिंझोटीच्या ठुमरीने तर कमाल केली. गदगचा एक लहान मुलगा ती तबकडी ऐकून वेडावला आणि गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर अशी भ्रमंती करून तो अखेर खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या दाराशी, कुंदगोळास, येऊन पोहोचला. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी, हे वाचकांस सांगावयास नको. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी असा खाँसाहेबांचा शिष्यपरिवार मोठा. त्यांतील कपिलेश्वरीबुवांनी गुरूचे भरगच्च मराठी चरित्र लिहून ऋण फेडले आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेस होते. तेथून पाँडिचेरीस जाण्यास ते आगगाडीने निघाले. वाटेत छातीत कळ येऊ लागली. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर ते सोबतच्या मंडळींसह उतरले. फलाटावरच अंथरूण घातले. त्यांनी तंबोरा जुळविण्यास सांगितले, नमाज पढला, आणि दरबारीच्या सुरांत ईश्वराचे नाव घेत प्राण सोडला. ती तारीख २७ ऑक्टोबर. पासष्टावे वर्ष पुरे होण्यास पंधरवडा उरला होता. पार्थिव देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. उरुसाच्या दिवसांत तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि मोठमोठे कलावंत तेथे हजेरी लावणे ही सेवा समजतात.

आमच्या घरची तबकडी झिंझोटीचीच. १९८३ च्या उन्हाळ्याच्या सुटीत ती आमच्या हातून पडली. तुटली नाही; कडेपासून आत दोन बोटे चीर मात्र गेली. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नेहमीप्रमाणे लावली. प्रत्येक फेऱ्यास सुई चिरेवरून जाऊन टक् असा आवाज करी, आणि त्या ठेक्यासकट ते डोळे मिटून ऐकत राहिले. पुढे चीर मागे पडे आणि उरलेले गाणे निर्वेध होई. रागावले असते तर आम्ही विसरून गेलो असतो. त्यानंतर मात्र आम्हांस त्या आवाजाचे हसू आले नाही. आजोबा १९९० साली गेले. ओट्यावरील इतर दोघे त्याआधीच.

२०१७ साली आमची बदली चेन्नईस झाली. एका रविवारी आम्ही उपनगरी गाडीने चेंगलपट्टूच्या दिशेने निघालो. सिंगपेरुमाळ कोइल हे स्थानक चेन्नईच्या दक्षिणेस पन्नासेक किलोमीटरवर आहे. फलाटावर नेहमीची वर्दळ होती. कामगार, फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, शाळकरी मुले. अंथरूण कोठे घातले असेल याचा अंदाज करण्याचा आम्ही प्रयत्न केला नाही. ऐंशी वर्षांत फलाट तोच राहिला असेल, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. एका बाकावर बसलो, भ्रमणध्वनीवर झिंझोटी लावली आणि यंत्र कानाशी धरले. हल्लीच्या तंत्राने साफ केलेले ते ध्वनिमुद्रण. त्यात खरखर नाही, टक् आवाज तर नाहीच. तरी पहिल्या ओळीवर आमचे बोट नकळत गुडघ्यावर चिरेचा ठेका धरू लागले. गाडी येऊन गेली, तिच्या आवाजात मधला भाग ऐकू आला नाही. आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून लावले.