संत कॅथरिन : गोव्याच्या से कॅथेड्रलची अधिष्ठात्री

जुन्या गोव्यातील भव्य से कॅथेड्रल ज्या संत स्त्रीला अर्पण केलेले आहे, ती अलेक्झांड्रियाची कॅथरिन होय. इजिप्तमधील या विदुषीने चौथ्या शतकाच्या आरंभी धर्मासाठी प्राणार्पण केले, अशी परंपरा आहे. २५ नोव्हेंबर हा तिचा स्मृतिदिन. याच तारखेमुळे तिचे नाव गोव्याच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले.

परंपरेनुसार कॅथरिन उच्च कुळात जन्मली आणि तत्त्वज्ञान व वक्तृत्वात पारंगत झाली. तरुणपणीच तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू असताना ती स्वतः सम्राटापुढे उभी राहिली आणि तिने त्याला जाब विचारला. तिला निरुत्तर करण्यासाठी सम्राटाने ५० पंडितांना पाचारण केले. परंतु वादात तेच पराभूत झाले आणि त्यांनी तिचा धर्म स्वीकारला. सम्राटाने त्या पंडितांना ठार केले. कॅथरिनसाठी दातेरी चाकांचे यंत्र सिद्ध करण्यात आले. ते तिच्या स्पर्शाने भंगले, तेव्हा तिचा शिरच्छेद करण्यात आला. देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला, अशी श्रद्धा आहे. त्या पर्वताच्या पायथ्याशी सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात उभारलेला मठ पुढे तिच्याच नावाने प्रसिद्ध झाला.

मोडके चाक ही तिची खूण ठरली. दिवाळीत आपण ज्याला भुईचक्र म्हणतो, तशा फिरत्या शोभेच्या दारूला युरोपात तिच्याच नावाने ओळखले जाते. विद्यार्थी, तत्त्वज्ञ, अविवाहित मुली आणि चाके घडविणारे कारागीर तिला आपली कैवारी मानतात. फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कनेही तिची वाणी ऐकल्याचे सांगितले होते.

मात्र कॅथरिनचा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. कथेत ज्या मॅक्सेंटियस सम्राटाचे नाव येते, त्याची सत्ता इजिप्तवर कधीच नव्हती. चर्चचा आद्य इतिहासकार युसेबियस याने मॅक्सिमिनसचा अनुनय झिडकारणाऱ्या अलेक्झांड्रियातील एका सुशिक्षित ख्रिस्ती स्त्रीचा उल्लेख केला आहे. पण तिचे नाव दिलेले नाही आणि तिला हद्दपारीची शिक्षा झाल्याचे म्हटले आहे. इ. स. ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने ठार केलेल्या हायपेशिया या गणितज्ञ स्त्रीची छाया या कथेवर पडली असावी, असेही काही अभ्यासक मानतात. जबलपूरजवळ २४ जून १५६४ रोजी मोगल सेनेशी लढताना देह ठेवणाऱ्या राणी दुर्गावतीचा वृत्तांत अबुल फझलने त्याच शतकात नोंदवून ठेवला. कॅथरिनच्या वाट्याला असा इतिहासकार आला नाही. तिची स्मृती श्रद्धेनेच जपली. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये तिचा दिवस सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला आणि २००२ मध्ये तो ऐच्छिक स्मृतिदिन म्हणून पुन्हा समाविष्ट केला.

आफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा जिंकला. तो दिवस कॅथरिनचा असल्याने विजयाचे श्रेय तिला देण्यात आले आणि तिच्या नावाने चॅपेल बांधण्यात आले. १५३४ मध्ये गोवा धर्मप्रांताची स्थापना झाल्यावर त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. पुढे १५६२ मध्ये सध्याच्या से कॅथेड्रलचे बांधकाम सुरू होऊन ते १६१९ मध्ये पूर्ण झाले. तेथील मुख्य वेदीवरील सोनेरी शिल्पफलकांत कॅथरिनच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. इमारतीच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला.

त्या विजयदिनाच्या पाठोपाठ शहरातील मुसलमान रहिवाशांची कत्तलही झाली. सत्तेच्या बळाला केवळ युक्तिवादाने सामोरी गेलेली कॅथरिन अशा प्रकारे तलवारीच्या विजयाची साक्षीदार ठरविली गेली. पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये संपुष्टात आली. जिंकलेल्या नगराची संरक्षक ही तिची ओळख त्या सत्तेबरोबर मागे पडली. ज्ञानाची कैवारी ही तिची मूळ ओळख मात्र टिकून राहिली. तिचे चॅपेल आणि कॅथेड्रल ही दोन्ही १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.