कामकऱ्यांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे

भातसानगरच्या धरणाचे पाणी मुंबईस जाते. आणि भात घरात आले, दिवाळी सरली, म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कित्येक कुटुंबेही उचल घेऊन वीटभट्ट्यांची वाट धरतात. आमच्या वाचकांचे सोयरेधायरे त्यांत असतील. म्हणून पोटासाठी घर सोडणाऱ्यांच्या एका कैवाऱ्याचे चरित्र आज आम्ही त्यांजपुढे ठेवीत आहो.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचा जन्म सन १८४८ त ठाणे येथे, गरीब फुलमाळी घराण्यात झाला. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वेत व टपालखात्यात नोकरी केली. पुढे मुंबईच्या एका गिरणीत ते कोठाराचे काम पाहू लागले. तेथे कोकणातून व घाटावरून आलेल्या कामकऱ्यांचे हाल त्यांच्या दृष्टीस पडले. मुकादमाच्या मर्जीवर काम मिळे, उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबावे लागे, पगार रखडे, आणि आठवड्यास ठरलेली विश्रांती नसे. सन १८८१ च्या कायद्याने लहान मुलांस थोडा आसरा दिला. मोठ्यांस फारसा दिला नाही.

सन १८८० पासून लोखंडे ह्यांनी मुंबईत ‘दीनबंधु’ पत्र चालविले. सन १८८४ त त्यांनी कामकऱ्यांची सभा भरवून सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशी मागणी होती. तरी सहा वर्षे लोटली. ता. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे १०,००० कामकरी जमले. दोन स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर ता. १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या दिवशी आपण उपासनेस जमतो, तो दिवस मुंबईच्या गिरणीकामकऱ्यास असा मिळाला.

सन १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असता, ता. ९ फेब्रुवारी रोजी लोखंडे निवर्तले.

त्यांजपाशी धन नव्हते, सैन्य नव्हते. गाऱ्हाणे नीट समजून घ्यावे, कागदावर मांडावे, आणि सर्वांनी मिळून मागावे, हीच त्यांची रीत. सन १९७६ च्या कायद्याने उचलीपायी कोणास वेठीस धरणे गुन्हा ठरले आहे. परंतु ज्याच्या हाती लेखी पुरावा नाही, त्यास दाद मागणे कठीण जाते. ह्यास्तव आमच्या उपदेशकबंधूंनी, कुटुंब गाव सोडण्यापूर्वी, उचलीची रक्कम, मुकादमाचे नाव, भट्टीचे ठिकाण व ठरलेली मजुरी वहीत टिपून ठेवावी. एवढ्याने सर्व अन्याय टळणार नाही. पण परतीच्या दिवशी हिशेब केवळ मुकादमाच्या तोंडी राहणार नाही.