अॅम्प्लिफायर बदलण्याआधी : हॅरॉल्ड ब्लॅक

घरच्या स्टिरिओचा अॅम्प्लिफायर बदलायचा का, हा प्रश्न सुट्टीत घरी गेलेल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला हमखास विचारला जातो. पोरगं इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे पटकन वॉटचा आकडा सांगेल, अशी काका-मामांची अपेक्षा असते. मित्रांनो, हाच प्रश्न एका माणसाने सहा वर्षं डोक्यात घोळवला. त्याचं नाव आपण फारसं घेत नाही, पण त्याची युक्ती लॅबमध्ये ऑप-अॅम्प लावताना रोज वापरतो. तो म्हणजे हॅरॉल्ड स्टीफन ब्लॅक.

ब्लॅकचा जन्म १४ एप्रिल १८९८ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेमिन्स्टर गावचा. वुस्टर पॉलिटेक्निकमधून १९२१ साली पदवी घेतली आणि लगेच वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये नोकरी लागली. याच कंपनीच्या इंजिनिअरिंग विभागातून १९२५ मध्ये बेल लॅब्ज उभी राहिली. सुरुवात मात्र काही झकास झाली नाही. बरोबरीच्या अनेकांना दहा टक्के पगारवाढ मिळाली, याला नाही. राजीनामा देऊन सरळ धंद्यात पडावं, असं त्याच्या मनात आलं. रात्रभर विचार करून त्याने उलटंच ठरवलं. रविवारी ऑफिसात यायचं आणि १८९८ पासूनच्या जुन्या टिपणांच्या फायली वाचून काढायच्या! कंपनीचं खरं दुखणं काय आहे, ते त्याला या फायलींतून कळत गेलं.

दुखणं होतं अॅम्प्लिफायरचं. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन १९१५ मध्येच सुरू झाला होता. तारेत आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी व्हॅक्यूम ट्यूबचे अॅम्प्लिफायर लावावे लागत. पण प्रत्येक अॅम्प्लिफायर सिग्नल वाढवताना त्यात स्वतःचं थोडं डिस्टॉर्शन घालतो. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढतो, तेव्हा दहाव्या कॉपीत काय उरतं? तसंच हे. त्यात एकाच तारेवरून अनेक संभाषणं एकदम पाठवायची, तर एकाचं बोलणं दुसऱ्यात मिसळणार.

यावर सगळ्यांचा उपाय एकच : ट्यूब सुधारा. म्हणजे आपल्या भाषेत, अपग्रेड करा. ब्लॅकनेही आधी तेच केलं, पण हवी तेवढी निर्दोष ट्यूब काही होईना. मार्च १९२३ मध्ये त्याने स्टाइनमेट्झ या नामवंत इंजिनिअरचं व्याख्यान ऐकलं. प्रश्नाच्या मुळाशी कसं जायचं, हे त्याला तिथे उमगलं. त्याच रात्री घरी येऊन त्याने प्रश्नच बदलला. ट्यूब सदोष आहे ना, असू दे. तिच्या आउटपुटमधून डिस्टॉर्शन वेगळं काढून वजा करता येईल का?

दुसऱ्याच दिवशी त्याने तसं सर्किट जोडलं आणि ते चाललंही. आज त्याला फीडफॉरवर्ड म्हणतात. पण ते फार नाजूक होतं. सतत कुणीतरी बसून जुळवाजुळव करत राहायची. देशभर असे शेकडो अॅम्प्लिफायर कोण सांभाळणार? त्यामुळे पुढची चार वर्षं पुन्हा तोच शोध.

२ ऑगस्ट १९२७ ची सकाळ. होबोकेनहून हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनला नेणाऱ्या बोटीवर तो कामाला निघाला होता. अचानक उत्तर सुचलं. जवळ कागद नव्हता, हातात वर्तमानपत्र होतं आणि त्यातलं एक पान योगायोगाने कोरं राहिलेलं. त्यावरच त्याने मांडणी केली आणि ऑफिसात पोचताच सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली.

युक्ती अशी. गरजेपेक्षा खूप जास्त गेनचा अॅम्प्लिफायर घ्यायचा आणि आउटपुटचा छोटा हिस्सा उलटा करून इनपुटला परत द्यायचा. समजा मूळ गेन १,००,००० आहे आणि शंभरावा हिस्सा परत दिला. तर एकूण गेन उरतो ९९.९. आता ट्यूब म्हातारी होऊन तिचा गेन निम्मा झाला तरी एकूण गेन ९९.८! डिस्टॉर्शनही सुमारे हजार पटीने घटतं. गेन मुद्दाम गमवायचा आणि त्याच्या बदल्यात शुद्धता कमवायची. २९ डिसेंबर १९२७ च्या प्रयोगात तर डिस्टॉर्शन एक लाख पटीने खाली आलं.

लोकांना मात्र हे पटेना. आउटपुट इनपुटला दिलं की सर्किट बोंबलतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गॅदरिंगला माईक स्पीकरसमोर आला की काय होतं ते आठवा. आणि कष्टाने मिळवलेला गेन फेकून कोण देतो? पेटंटचा अर्ज ऑगस्ट १९२८ चा, मंजुरी थेट डिसेंबर १९३७ ची. इंग्लंडमध्ये तर आपोआप कायम फिरणारं यंत्र बनवल्याचा दावा करणाऱ्यांच्या पंगतीत त्याला बसवलं. सर्किट केव्हा बोंबलेल आणि केव्हा नाही, याचा नियम १९३२ मध्ये नायक्विस्टने दिला. होय, कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपल्याला छळणारा तोच नायक्विस्ट!

ब्लॅकच्या नावावर पुढे साठाहून अधिक अमेरिकन पेटंट जमा झाली. १९८३ मध्ये तो वारला. तोवर त्याची युक्ती घराघरातल्या रेडिओ-स्टिरिओत पोचलेली होती.

आता काकांचा प्रश्न. ब्लॅकच्याच कृपेने आजच्या साध्या पण धड अॅम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन इतकं कमी असतं की स्पीकरचं त्याच्या कितीतरी पट निघतं. ५० वॉटचे १०० वॉट केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. मात्र मोठ्या आवाजात गाणं फाटत असेल, तर अॅम्प्लिफायरची ताकद संपते आहे. तिथे फीडबॅकही काही करू शकत नाही. सतत घूं असा आवाज येत असेल किंवा नवे स्पीकर ४ ओहमचे आणि अॅम्प्लिफायर ८ ओहमच्या खाली न चालणारा असेल, तरीही दुरुस्ती किंवा बदल हवाच.

यातलं काहीच नसेल तर पैसे आधी स्पीकरवर घाला. तेही नको असेल तर स्पीकरची जागा बदलून ऐका, त्याला खर्च शून्य. दोष नेमका कुठे आहे हे कळण्याआधी ब्लॅकनेही नवी ट्यूब मागितली होती. कळल्यावर त्याने जुनीच ट्यूब ठेवली.