झिजलेली नाणी आणि दामोदर कोसंबी

प्रोजेक्ट कशावर, असं हॉस्टेलवर कुणालाही विचारा. सोलरवर काहीतरी, नाहीतर एआयवर काहीतरी, हे उत्तर ठरलेलं! मित्रांनो, हा झाला विषय. प्रश्न कुठे आहे? विषय आणि प्रश्न यांतला फरक कळायला दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं आयुष्य बघावं.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. भारतात परतल्यावर बनारस आणि अलिगढला शिकवून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

संख्याशास्त्र नुसतं पुस्तकातून शिकण्यापेक्षा खऱ्या वस्तूंवर वापरून बघावं म्हणून ते नाण्यांकडे वळले. तक्षशिलेला चांदीच्या जुन्या नाण्यांचे साठे सापडले होते. त्यांवर सूर्य, टेकडी, प्राणी असे ठसे. पण राजाचं नाव नाही, साल नाही. नाणं कुठल्या काळातलं, एवढंच विचारत बसलं तर हाती तर्कच लागणार. कोसंबींनी प्रश्न बदलला. नाणं हातोहात फिरलं की वजन किती घटतं?

आता हा प्रश्न तराजूवर मोजता येण्यासारखा! त्यांनी आधी चालू वापरातली हजारो नाणी वजन केली. नाणी जितकी जास्त वर्षं फिरलेली, तितकं त्यांचं सरासरी वजन कमी आणि वजनांतली तफावत जास्त, हे दिसलं. मग तेच जुन्या साठ्याला लावलं. एका साठ्यातली नाणी चलनातून एकाच वेळी बाहेर पडलेली असतात. मूळ वजन सारखं धरलं, तर हलका गट जुना आणि जड गट नवा. नाण्याच्या मागच्या बाजूचे ठसे जसे वाढतात तसं सरासरी वजन घटतं, हेही त्यांना आढळलं. म्हणजे ते ठसे काळाच्या ओघात पडत गेलेले. मुक्या नाण्यांचा क्रम लागला!

१९४४ साली त्यांनी जनुकांमधल्या अंतराचं एक सूत्र मांडलं. ते आजही त्यांच्याच नावाने वापरतात. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जा-ये करत. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला.

पण सगळंच जमलं असं नाही. रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा दावा त्यांनी १९५९ च्या सुमारास केला. ती सदोष निघाली आणि गणितातल्या त्यांच्या नावाला चांगलाच धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेतली नोकरीही संपली. प्रश्न कितीही स्पष्ट असला तरी उत्तराची प्रत्येक पायरी तपासावीच लागते, हाही धडा त्यांच्याकडूनच घ्यायचा.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात ते गेले. वय अवघं ५८.

तेव्हा द्रोणागिरीच्या दोस्तांनो, गाईड सरांकडे जाण्याआधी एक वाक्य लिहून बघा : काय मोजणार, कशाने मोजणार आणि कुठलं उत्तर आलं तर आपण चुकलो असं मानणार? ते वाक्य जमलं की अर्धा प्रोजेक्ट झालाच समजा!