पुण्यतिथी विशेष : डॉ. होमी भाभा, परळच्या टाटापासून खोडदच्या दुर्बिणीपर्यंत

आज २४ जानेवारी. डॉ. होमी भाभा यांची पुण्यतिथी. शाळेत आपण त्यांचं नाव अणुभट्टीपुरतं पाठ केलेलं असतं. पण नारायणगावहून खोडदकडं निघालं की शेतांच्या मधोमध त्या अवाढव्य जाळीच्या डिश दिसतात. आणि घरात कुणाला कॅन्सर निघाला की आपण परळच्या टाटा हॉस्पिटलची वाट धरतो. या दोन्ही ठिकाणांशी या एका माणसाचं नातं आहे. म्हणून त्यांची गोष्ट जरा सविस्तर.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सधन पारशी घरातला. वडील जहांगीर भाभा वकील. आत्या मेहरबाई दोराबजी टाटांना दिलेली. म्हणजे पैशाची ददात नव्हती. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सगळं शिक्षण दक्षिण मुंबईत झालं. त्याच मुंबईत लालबाग-परळला गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि घाटावरची, कोकणातली माणसं पोटासाठी चाळीत दाटीवाटीनं राहत होती. भाभांची मुंबई वेगळी होती, हे मान्य करूनच पुढं जायला हवं.

१९२७ साली ते इंग्लंडला केंब्रिजला गेले. घरच्यांचा विचार साधा होता. पोरानं इंजिनिअर व्हावं, परत येऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर बसावं. पण पोराचं मन भौतिकशास्त्रात आणि गणितात. त्यांनी वडलांना पत्र लिहून तसं कळवलं. आपल्याकडंही घराघरात हा तंटा असतोच. बापाला पक्की नोकरी दिसत असते, पोराला दुसरंच काही खुणावत असतं. जहांगीर भाभांनी मधला मार्ग काढला. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग गणिताचा खर्च मी करतो. होमींनी १९३० ला इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात काढलं, दोन वर्षांत गणितही केलं आणि पुढं डॉक्टरेट मिळवली.

आता त्यांचं संशोधन काय होतं ते समजून घेऊ. अवकाशातून पृथ्वीवर रात्रंदिवस बारीक कणांचा मारा होत असतो. याला विश्वकिरण म्हणतात. हा मारा जमिनीपर्यंत येताना एका कणाचे हजारो कण कसे होतात, हे कोडं होतं. १९३७ मध्ये भाभा आणि हाइटलर या जर्मन शास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडलं. डोंगरावरून एक धोंडा सुटला की तो दोन धोंडे हलवतो, ते दोन आणखी चार हलवतात, तसं हे आहे. वेगवान इलेक्ट्रॉन हवेत शिरला की त्यातून प्रकाशाचा जोरदार कण निघतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन जन्मतो. ते पुन्हा प्रकाशकण सोडतात. ताकद वाटली जाते, संख्या वाढत जाते आणि शेवटी जोर संपतो.

त्याआधी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की काय होतं, याचंही गणित त्यांनी केलं होतं. जगभरच्या प्रयोगशाळांत ते आजही भाभांच्याच नावानं ओळखलं जातं. विश्वाच्या जन्मावर भाभांनी थेट काम केलं नाही. पण विश्व जन्मलं तेव्हा पहिल्या काही सेकंदांत सगळीकडं हेच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन खच्चून भरलेले होते. त्यामुळं त्या काळाचा हिशेब मांडायचा तर या कणांचे नियम लागतातच.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनपेक्षा जड कण असावेत, आणि ते थोड्याच वेळात मोडत असले तरी प्रचंड वेगामुळं आपल्याला ते जास्त काळ टिकलेले दिसतील, असं त्यांनी १९३८ मध्ये मांडलं. पुढं प्रयोगांनी ते खरं ठरवलं. हे वाचताना तुम्ही मोबाईल धरलाय ना, त्या तळहातातून सेकंदाला साधारण असा एक कण आरपार जातोय. कळतसुद्धा नाही.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीला घरी आले आणि तिकडं दुसरं महायुद्ध पेटलं. परतीची वाट अडली. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांनी काम धरलं. १९४१ ला वयाच्या एकतिसाव्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते सभासद झाले. युद्ध संपल्यावर परदेशातली मानाची जागा घेऊन जाणं त्यांना अवघड नव्हतं. खरा निर्णय इथं होता. त्यांनी राहायचं ठरवलं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटांच्या विश्वस्त निधीला पत्र लिहून भारतातच मूलभूत संशोधनाची शाळा उभी करायचा प्रस्ताव दिला. अणुशक्ती येईल तेव्हा आपल्याला माणसं बाहेरून आणायला लागू नयेत, हा त्यामागचा हिशेब. तेव्हा हिरोशिमा व्हायची होती आणि देशही स्वतंत्र व्हायचा होता.

१९४५ ला टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बंगळुरू, त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात, मग गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी. तिथल्या इमारतीचं उद्घाटन १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केलं. १९४८ ला अणुऊर्जा आयोग झाला, अध्यक्ष भाभा. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला अप्सरा ही देशातली पहिली अणुभट्टी चालू झाली.

सगळ्यांना हे पटलं होतं असं नाही. संशोधन विद्यापीठांतून व्हायला हवं, अशी मेघनाद साहांसारख्या मोठ्या शास्त्रज्ञांची भूमिका होती. पैसा मोजक्या संस्थांत गेला आणि विद्यापीठं मागं पडली, ही तक्रार आजही होते, आणि तिच्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही.

पण शेतकऱ्याच्या बाजूनंही हिशेब मांडा. भुईमुगाचं टॅग-२४ वाण अनेकांनी पेरलंय. ते तुर्भ्याच्या केंद्रानं किरणांचा वापर करून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेलं. लासलगावला कांद्यावर विकिरण करायचं केंद्रही तिथलंच. आणि परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ चं, पण १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडं आलं. कॅन्सरवर किरणांनी उपचार करायचे तर अणुशास्त्र आणि दवाखाना एकत्र हवेत, हे भाभांनी ओळखलं होतं.

भाभांनी लग्न केलं नाही. चित्रं काढायचे, पाश्चात्त्य संगीत ऐकायचे, झाडांवर जीव. झाड तोडण्यापेक्षा मुळासकट दुसरीकडं लावण्यावर त्यांचा भर असायचा.

२४ जानेवारी १९६६ ला ते व्हिएन्नाला बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं बोइंग विमान जिनिव्हाला उतरण्याआधी मॉन्ट ब्लांक डोंगरावर आदळलं. ११७ जण गेले, कुणीच वाचलं नाही. भाभांचं वय ५६. याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. शास्त्रीजींना जाऊन दोनच आठवडे झाले होते. घातपाताचे मेसेज दरवर्षी फिरतात. अधिकृत चौकशीत मात्र विमान नेमकं कुठं आहे याचा वैमानिकाचा अंदाज चुकला, असंच निघालं. पुढं पाठवण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

आता खोडदकडं येऊ. परदेशात असलेल्या गोविंद स्वरूप यांना भाभांनी तार पाठवून परत बोलावलं. १९६३ ला ते आले. त्यांनी आधी उटीची आणि पुढं आपल्याकडची ही रेडिओ दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्या अवकाशातल्या हायड्रोजन वायूचा क्षीण रेडिओ आवाज टिपतात. या वायूवरून दीर्घिका किती वेगानं फिरते ते कळतं. गोफण आठवा. दगड जोरात फिरवला की दोरी घट्ट धरावी लागते. दीर्घिकेच्या कडेचा वायू इतका जोरात फिरतो की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीनं तो धरून ठेवणं शक्य नाही. तरी तो सुटत नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्याला धरून आहे. हेच कृष्णद्रव्य. विश्वात आपल्या ओळखीचं द्रव्य फक्त ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के, बाकी त्याहून गूढ. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. याच दुर्बिणीनं ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजलाय.

या दुर्बिणीमुळं आपल्या भागात कारखान्यांवर बंधनं आली, पोरांना कामासाठी चाकणला जावं लागतं, ही आपली खंत खरी आहे. ती मांडत राहिली पाहिजे. पण आपण ज्याची किंमत मोजतोय ती वस्तू काय आहे, हे तरी आपल्या पोरांना माहीत असावं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरत आलंय. या वेळी पोरांना घेऊन जा. आणि एखाद्या पोरानं उद्या भरती सोडून भौतिकशास्त्र घ्यायचं म्हटलं, तर जहांगीर भाभांचा मधला मार्ग आठवा.