चमचाभर तेल आणि बारा पांढरे उंदीर

तुम्हाला आठवणार नाही, पण घरी आईला विचारा. तुम्ही नऊ महिन्यांचे असताना गोवराच्या लसीबरोबर नर्सताईंनी तुमच्या तोंडात एक पिवळसर, तेलकट औषध घातलं होतं. पहिल्यांदा १ मिली, मग दर सहा महिन्यांनी २ मिली, पाच वर्षांचे होईपर्यंत. तो होता ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस. दौंड-शिरूरच्या अंगणवाड्यांत आजच्या पोरांनाही तो मिळतो, आणि तीही तुमच्यासारखंच तोंड वाकडं करतात.

हे औषध तेलातच का असतं? कारण ‘अ’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. आज हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जातं. ती एक ओळ शोधायला एका शेतकऱ्याच्या पोराची अख्खी तरुणाई खर्ची पडली. त्याचं नाव एल्मर मॅकॉलम.

सालींनी वाचलेलं बाळ

एल्मरचा जन्म १८७९ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका शेतावरचा. तो काही महिन्यांचा असताना आईचं दूध तुटलं आणि त्याला उकळलेलं दूध आणि कुस्करलेला बटाटा सुरू झाला. पोर खंगायला लागलं, हिरड्या सुजल्या. तो स्कर्व्ही होता, पण घरात कुणालाच कळेना. एकदा आई त्याला मांडीवर घेऊन सफरचंदं सोलत होती. पोर हट्ट करायला लागलं म्हणून तिने सालीला लागलेला गर खरवडून त्याच्या तोंडात घातला. त्याला तो आवडला, दुसऱ्या दिवशीही दिला आणि पोराची तब्येत सुधारत गेली. मग आईने फळं आणि भाज्या देणं चालूच ठेवलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गायींना नको, उंदरांना विचारू

शेतावरून कॉलेज, तिथून येल विद्यापीठात १९०६ साली पीएच.डी. आणि पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या शेतकी महाविद्यालयात नोकरी. हा दुधाचा मुलूख. आपल्या दौंड-शिरूर पट्ट्यात जसं घरटी गोठा आणि दुधाचं गणित चालतं, तसाच. तिथे एक मोठा प्रयोग नुकताच सुरू झाला होता. काही कालवडींना फक्त मक्याच्या झाडापासूनचं खाद्य, काहींना फक्त गव्हाचं, काहींना फक्त ओटचं, तर काहींना तिन्हींचं मिश्रण. रसायनशास्त्राच्या हिशेबाने चारही खाद्यांत प्रथिनं आणि ऊर्जा सारखीच होती. तरी मका खाणाऱ्या गायी धडधाकट राहिल्या आणि गहू खाणाऱ्यांची वासरं मेलेली किंवा मरतुकडी जन्मली.

कागदावर सगळं सारखं, मग गोठ्यात फरक का? याचं उत्तर शोधायचं काम मॅकॉलम यांच्याकडे आलं. त्यांनी जुनी जर्मन नियतकालिकं चाळली आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. गाय मोठी व्हायला वर्षं लागतात आणि ती खाते पोतीच्या पोती. त्यापेक्षा छोटा, भराभर वाढणारा प्राणी घेतला तर उत्तर काही महिन्यांत मिळेल. म्हणजे उंदीर!

महाविद्यालयाच्या डीनना हे काही पटलं नाही. उंदीर म्हणजे शेतकऱ्याचा वैरी, त्याला सरकारी पैशाने पोसायचं? मॅकॉलम यांनी आधी तिथल्याच गोठ्यातले रानटी उंदीर पकडून पाहिले, पण ते फारच चावरे निघाले. शेवटी शिकागोच्या एका दुकानदाराकडून त्यांनी डझनभर पांढरे उंदीर विकत आणले, स्वतःच्या खिशातून. तेव्हा १९०८ साल सुरू होतं.

त्या उंदरांना रोज खाऊ कोण घालणार, वजनं कोण करणार, नोंदी कोण ठेवणार? हे काम अंगावर घेतलं मार्गरीट डेव्हिस या नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलीने. तब्बल पाच वर्षं तिने ते पगाराशिवाय केलं. विनापगार इंटर्नशिप म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळं सांगायला नको. मॅकॉलम यांचं नाव पुस्तकात आलं, मार्गरीटचं बहुतेकांना ठाऊकही नाही. पण शोधनिबंधावर दोघांचीही नावं आहेत.

लोणी पास, ऑलिव्ह तेल नापास

१९१३ साली दोघांनी जे छापलं ते असं होतं. शुद्ध प्रथिन, साखर, क्षार आणि स्निग्ध पदार्थ म्हणून डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल, एवढंच दिलं तर उंदीर काही आठवडे वाढतात आणि मग वाढ थांबते. तेवढ्यात लोण्यातला स्निग्धांश किंवा अंड्याच्या पिवळ्या बलकाचा अर्क दिला की वाढ पुन्हा सुरू होते. तोपर्यंत सगळे समजत होते की तूप काय, तेल काय, चरबी काय, शेवटी ऊर्जाच. या निबंधाने ते खोटं ठरवलं. येलमधल्या ऑस्बर्न आणि मेंडेल या जोडीनेही जवळपास हेच शोधलं होतं. त्यांचा निबंध फक्त तीन आठवडे उशिरा पोचला.

पण खरी गंमत पुढच्या वर्षीची आहे. मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी लोण्यातल्या स्निग्धांशाचा अल्कलीने साबण करून टाकला. चरबी संपली. साबण न झालेलं जे थोडंसं उरलं ते ईथरने वेगळं काढलं आणि नापास झालेल्या ऑलिव्ह तेलात मिसळलं. आता तेच तेल खाऊन उंदीर वाढायला लागले! म्हणजे गुण लोण्याचा नव्हता, लोण्यात लपलेल्या दुसऱ्याच कशाचा तरी होता आणि तो एका तेलातून काढून दुसऱ्या तेलात घालता येत होता. आज औषधाच्या बाटलीत आणि मऊ कॅप्सूलमध्ये जे होतं, त्याची सुरुवात इथे आहे. या अनोळखी पदार्थाला त्यांनी स्निग्धात विरघळणारा ‘ए’ म्हटलं. जीवनसत्त्वांना अक्षरांची नावं तिथून पडत गेली.

मोठी चूक

आता सफरचंदाच्या सालींकडे परत येऊ. १९१७ मध्ये मॅकॉलम यांनी छापलं की स्कर्व्ही हा आहारात काही कमी पडल्याने होणारा रोग नाही, तो बद्धकोष्ठतेमुळे होतो. लहानपणी ज्या रोगातून फळाच्या गराने वाचले, त्याच रोगाबद्दल हे! कारण सोपं होतं. उंदराला स्कर्व्ही होतच नाही, तो आपलं ‘क’ जीवनसत्त्व शरीरातच बनवतो. ज्या प्राण्याने त्यांना मोठं केलं, त्याच्यावरच्या विश्वासानेच त्यांना फसवलं. इतरांनी ती चूक दाखवून दिली. त्याच वर्षी ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि विस्कॉन्सिनमधल्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर तिथली निरीक्षणं न विचारता छापल्याचा जाहीर आरोप केला. माणूस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता.

पुन्हा तेलच

तरी १९२२ मध्ये त्यांनी आणखी एक कमाल केली. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस बरा होतो, हे माहीत होतं. सगळ्यांना वाटायचं, ते काम ‘ए’ करतो. मॅकॉलम आणि सहकाऱ्यांनी ते तेल तापवून त्यातून तासन्‌तास हवा सोडली. ‘ए’ मेला, डोळ्यांच्या विकारावर तेल निकामी झालं, मुडदूस मात्र तरीही बरा होत होता. म्हणजे तेलात दुसरंही काही होतं. ए, बी, सी संपले होते, म्हणून त्याला ‘डी’ नाव मिळालं.

त्याच वर्षी आपल्या नाशिककडचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी पाहिलं होतं की खात्यापित्या घरांत पडद्याआड, घरातच ठेवलेल्या बाळांना मुडदूस होतो आणि साधं खाणाऱ्या पण उन्हात वाढणाऱ्या गरिबांच्या पोरांना सहसा होत नाही. ‘डी’ तेलातून मिळतं तसंच उन्हातूनही, हे कोडं पुढच्या काही वर्षांत सुटत गेलं.

आता तुमच्या हातातली बाटली

मॅकॉलम १९६७ मध्ये, ८८ वर्षांचे होऊन गेले. आता जिमच्या लॉकरमध्ये, हॉस्टेलच्या खिडकीत आपल्या कॅप्सूल असतात. त्या येतात कुठून, हा प्रश्न कधी पडलाय? ‘अ’ जीवनसत्त्व आज बहुतेक कारखान्यात बनतं. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीत ते कृत्रिमरीत्या बनवण्याची पद्धत बसली आणि त्यासाठी लागणारं सिट्रल गवती चहाच्या जातीच्या गवताच्या तेलातून मिळायचं. ‘डी-३’ प्रामुख्याने मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट चरबीपासून करतात. त्यातलं कोलेस्टेरॉल काढून, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून अतिनील प्रकाश टाकतात. आपल्याकडे वाड्यांसोबत फिरणाऱ्या मेंढ्या बघताना हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. नैसर्गिक ‘ई’ बऱ्याचदा मिळतं सोयाबीन तेल शुद्ध करताना मागे राहिलेल्या भागातून. कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं.

हे पदार्थ नाजूक असतात. उजेड, हवा आणि उष्णता लागली की गुण जातो. मॅकॉलम यांनी हवा सोडून ‘ए’ मारला तसाच. म्हणून कारखान्यात ते बंद डब्यात, हवेऐवजी नायट्रोजन भरून ठेवतात. तुम्ही मात्र बाटली एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत टाकून कॉलेजला जाता!

आणि जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही. तेलात विरघळणारी जीवनसत्त्वं शरीरात साठतात. ‘अ’ जास्त झालं तर यकृताला त्रास होतो आणि गरोदरपणात बाळालाही धोका असतो. त्यामुळे डॉक्टरांना न विचारता, जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका.

पुढच्या वेळी बाटली उलटी करा. जीवनसत्त्व कशापासून काढलंय, कुठल्या तेलात आहे, किती युनिट आहे, तारीख काय आहे, एवढं बघा. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा, कंपनीला मेल टाका. दोन तेलं शेजारी ठेवली तर डोळ्यांना सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक कळायला मार्गरीट डेव्हिसला पाच वर्षं रोज उंदीर तोलावे लागले. आपल्याला फक्त लेबल वाचायचंय.